एक्स्प्रेसचा पंखा

त्याला बोटींचा सगळा धक्का एक्स्प्रेस म्हणायचा, कारण त्याच्याइतका सावकाश माणूस आमच्याकडे दुसरा झाला नाही. दोर बांधायला पाच मिनिटं, उत्तर द्यायला दहा. बोटही तसलीच. चाळीस घोड्यांचं इंजिन, त्यातले निम्मे घोडे म्हातारे. या काठावरची माणसं त्या काठावर सोडायची, तिकडची इकडे आणायची, हे त्याचं काम. मी इंजिनं दुरुस्त करतो. धक्क्याच्या टोकाला माझी शेड, वर एक खोली, खिडकी पाण्याच्या बाजूला.

बायको गेली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या संध्याकाळचं घड्याळ म्हणजे एक्स्प्रेसचं इंजिन. शेवटची फेरी संपवून तो वळणावर आला की तो आवाज खोलीत यायचा. तिसऱ्या सिलिंडरला जरा अडखळायचा, जिना चढून दमलेल्या माणसासारखा. तो ऐकला की मी स्टोव्ह पेटवायचो. बोट बांधून तो वर येईपर्यंत चहा तयार. मग पत्ते. बोलणं फारसं नाही. एक पान टाकायला तो इतका वेळ लावायचा की मधल्या वेळात माझी डुलकी काढून व्हायची.

एका संध्याकाळी त्याने पत्ते उलटे ठेवले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्याची मुलगी लग्न होऊन नदीच्या मुखापलीकडे गेलेली. तिला जुळी, दोन वर्षांची झाली तरी आजोबाने पाहिलेली फक्त फोनवर. मुलगी म्हणत होती, बाबा, बोट घेऊन इकडेच राहायला या, इथे बेटावर माणसं न्यायला बोट हवीच आहे. पण मुखापाशी पाण्याला अशी ओढ की तिथे चाळीस घोडे पुढे जायच्याऐवजी मागे यायचे. आणि बोट विकून जावयाच्या घरी नुसतं खुर्चीत बसायला तो तयार नव्हता.

"साठ होतील का रे, मिस्त्री?" त्याने विचारलं.

"होतील," मी म्हणालो.

कामाचं विचारलं की माझं तोंड आधी बोलतं, डोकं मागून येतं. तो गेल्यावर कपबश्या विसळताना लक्षात आलं, आपण काय कबूल करून बसलोय ते.

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवलं. सिलिंडर मोठे करायचे, पिस्टन नवे, डिझेलचा पंप नव्याने लावायचा, थंड पाण्याची व्यवस्था वाढवायची. शिवाय टर्बो बसवायचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं चाक. आणि पंखा. पाण्याखाली बोट ढकलतो तो. इंजिनाची ताकद वाढवली आणि पंखा जुनाच ठेवला तर काही उपयोग नाही. दात नसलेल्या माणसाला भूक वाढायचं औषध दिल्यासारखं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी हिशेब करून जास्त पिळाच्या पात्यांचा पंखा कारखान्यात ओतायला सांगितला. हात आपलं काम करत होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पंखा दुसऱ्या आठवड्यात लाकडी पेटीतून आला. तेव्हा एक्स्प्रेस चहा आणायला गेला होता. मी ती पेटी भिंतीशी सरकवली आणि वर पोतं टाकलं. का टाकलं ते तेव्हा मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, धूळ बसू नये म्हणून. तो आला आणि सरळ त्या पेटीवर बसला. तीच त्याची जागा झाली.

महिन्याभराचं काम मी तीन महिने केलं. एकदा गॅस्केट मनासारखं नाही म्हणून परत पाठवलं. एकदा इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बसवलेलं पुन्हा उघडलं. तो पेटीवर बसून नट फिरवायचे पाने द्यायचा, बारा नंबर मागितला की बारा, चौदा मागितला की चौदा, कधी चुकला नाही. मी मुद्दाम घासायला जुने व्हॉल्व्ह काढून द्यायचो, तो अर्धा दिवस एकच व्हॉल्व्ह घासायचा आणि मधे म्हणायचा, गुळगुळीत झालाय की रे. मी म्हणायचो, अजून. खरं सांगतो, बायको गेल्यापासून इतके चांगले दिवस मला आले नव्हते. दिवसभर शेडमध्ये दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू यायचा.

पण इंजिन काही जन्मभर उघडं ठेवता येत नाही. शेवटी ते बोटीत बसलं आणि आम्ही पाण्यात गेलो. आवाज असा की धक्क्यावरचे लोक वळून बघायला लागले. अडखळणं नाही, दमणं नाही. एक्स्प्रेसने वेगाचा दांडा पुढे ढकलला. आवाज चढला आणि बोट मात्र होती त्याच चालीने चालत राहिली. जुना पंखा होता तेवढंच पाणी मागे टाकत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. जन्मभर त्याने सुकाणू धरलं, इंजिनातलं त्याला कळत नव्हतं. माझं त्याला पटायचं, एवढंच होतं.

मी म्हणालो, बोटीचाच तळ जड झालाय. लाकडाने पाणी प्यायलंय. इंजिन काय करणार.

त्याने दांडा मागे ओढला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू केलंस ना सगळं. राहू दे."

त्या संध्याकाळी तो पत्ते खेळायला आला. मी जिंकलो. त्याच्या हातात चांगली पानं होती, तरी जिंकलो.

सकाळी खिडकी उघडली तर ओहोटी होती, बोट गाळात कलंडलेली, आणि तो बोटीच्या मागच्या भागात ओणवा झाला होता. तिथे त्याने बाकाभोवती गुडघ्याएवढा कठडा लावला होता, पाइपाचा, आणि त्याला दोरीची जाळी. जुळ्यांसाठी. त्याने तो कधी लावला तेही मला माहीत नव्हतं. आता तो त्याचे स्क्रू काढत होता. फोन खांद्यात धरून मुलीशी बोलत होता. माझंच वाक्य तिला सांगत होता, बोटीच्या लाकडाने पाणी प्यायलंय म्हणून. मग म्हणाला, मिस्त्रीला बोल लावू नकोस, त्याने जिवाचं रान केलं. स्क्रू तो एकेक करून डब्यात टाकत होता, सावकाश, जसं सगळं करतो तसं.

मला वर थांबवेना. खाली उतरलो, त्याला हाक मारून शेडमध्ये आणलं. तो सवयीने पेटीवर बसला.

"उठ," मी म्हणालो.

तो उठला. मी पोतं ओढलं, पहारीने झाकण उचकटलं. आत तो पंखा, पितळेचा, अजून तेलकट. एक्स्प्रेसला इंजिनातलं कळत नसलं तरी नवा पंखा कशाला असतो एवढं कळत होतं. त्याने त्याच्या पात्यावर बोट फिरवलं. पेटीवर चिकटवलेल्या कागदावरची तारीख वाचली. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

"अडीच महिने मी ह्यावर बसलो होतो?"

"हो."

यावर उत्तर द्यायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग म्हणाला, "खिळा टोचायचा."

एवढंच. पाणी भरायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून गाळात उतरलो. जुना पंखा काढला, नवा चढवला. तो पाने देत होता. बत्तीस मागितला तर तीस दिला, मी काही न बोलता परत केला. आणखी एकदा तसंच झालं. त्यानंतर बरोबर द्यायला लागला. भरतीला बोट पाण्यावर आली आणि त्याने दांडा पुढे ढकलला तेव्हा तिचं नाक उचललं गेलं आणि मी धाडकन मागे बसलो. एक्स्प्रेस वळूनसुद्धा बघत नव्हता, पण त्याचे कान वर गेले होते. हसला की त्याचे कान वर जातात.

कठडा त्याने परत बसवला. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. निघताना म्हणाला, पत्ते तुझ्याकडेच राहू दे, दोन पानं तशीही कमी आहेत. वळणापर्यंत मी तो आवाज ऐकला, मग वळणापलीकडेही थोडा.

दोन दिवसांनी त्याच्या मुलीचा फोन. बाबा सुखरूप पोचले, मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर आहेत, असं सांगितलं. मग म्हणाली, "काका, पंखा उशिरा आला म्हणे. तुम्ही फार धावपळ केलीत, बाबा सांगत होते."

मी म्हटलं, हो, उशिराच आला.

आता माझी पंचाईत अशी की स्टोव्ह कधी पेटवायचा तेच कळत नाही. कधी चार वाजताच चहा होतो, कधी आठ वाजतात तरी आठवण नसते. भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्याकडे बघून चहा करायची सवय नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी एक्स्प्रेसचा फोन आला. कसा आहेस वगैरे नाही. म्हणाला, आवाज ऐक. आणि फोन इंजिनाजवळ धरला. मी डोळे मिटून ऐकलं. तिकडची मुलं मधे ओरडत होती, त्यांना कुणीतरी गप्प केलं. चारही सिलिंडर एकसारखे. कुठे खटखट नाही, टर्बोची शीळ जेवढी हवी तेवढीच. मी आणखी थोडा वेळ ऐकत राहिलो.

"काही गडबड वाटते का?" त्याने विचारलं. "वाटत असेल तर बोट घेऊन येतो. दाखवतो तुला."

व्हॉल्व्ह जरा सैल वाटतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याने मागचापुढचा विचार केला नसता.

"काही नाही," मी म्हणालो. "आवाज बरोबर आहे. हात लावू नकोस."

"नक्की?"

"नक्की."

तो नेहमीसारखा थांबला, आणि त्याने फोन बंद करेपर्यंत मागे इंजिन चालू होतं. मग मी उठलो आणि स्टोव्ह पेटवला.