टेकडीवरचा भात

सगाईंगच्या भूकंपात दाऊ न्युंतची मोहिंगाची, म्हणजे माशांच्या रश्श्यातल्या शेवयांची, टपरी कोसळली आणि महिन्याभरात घरातला तांदूळही संपत आला. गुलाबी वस्त्रांतल्या भिक्षुणी भिक्षेला गल्लीत शिरल्या, तसं तिनं दार लावून घेतलं. आजवर त्यांना तिनं कधी रिकाम्या हाती पाठवलं नव्हतं.

"न्युंत, चपला तर दारातच आहेत तुझ्या," थोरल्या भिक्षुणी बाहेरून म्हणाल्या.

तिनं दार किलकिलं केलं. "द्यायला काही नाही हो, सयाले. तोंड कसं दाखवू?"

"तांदूळ कोण मागतंय? यांगूनच्या लोकांनी पोती पाठवलीत. पण आमचा भात रोज करपतो. शाळेतली पोरं तोंड वाकडं करतात."

"मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत न्युंतनं मोठी पळी उचलली आणि त्यांच्याबरोबर टेकडी चढली.

मठातली शाळा ताडपत्रीखाली भरत होती. दुपारनंतर भिक्षुणी जेवत नसत, म्हणून त्यांना तिनं बाराच्या आत वाढलं, मग पोरांना. पोरांनी पुन्हापुन्हा मागून घेतलं. सगळ्यांत शेवटी ती स्वतः जेवायला बसली.

टपरी उभी राहीपर्यंत ती रोज येत राहिली. तिचंही पोट तिथंच भरतंय, हे सयालेंनी कधी बोलून दाखवलं नाही.