प्लास्टरमधली आत्या

मानववंशशास्त्र विभाग शंभरीत पोचला होता. त्यानिमित्त विषयाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं काम विभागप्रमुखांनी एका प्राध्यापिकेच्या गळ्यात घातलं. तळघरातून डोकी मोजायचे मोठाले चिमटे निघाले, आणि प्लास्टरचे चेहरे. वंशावंशांतला फरक दाखवायला विभागाच्या संस्थापकांनी डोंगरात तंबू ठोकून ते जिवंत माणसांच्या तोंडावरून उतरवले होते. कसे, ते प्राध्यापिका दरवर्षी वर्गात शिकवायची. आधी तेल चोपडायचं, नाकपुड्यांत नळ्या घालायच्या, मग प्लास्टर थापायचं. सुकेपर्यंत माणसाला हलू द्यायचं नाही.

तिचे वडील त्याच डोंगरातले. म्हातारपणी लेकीकडे राहायला आलेले. उद्घाटनाच्या आधी ती त्यांना मांडणी दाखवायला घेऊन आली. चेहऱ्यांच्या रांगेपुढून चालता चालता ते एका तरुण बाईच्या चेहऱ्यापाशी थांबले.

"ही अक्का," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण. भुवईवरची खोक मीच पाडलेली, दगड मारून."

"आत्या तर तापाने गेली ना, आप्पा?"

"तसं त्या तंबूवाल्यांनी सांगितलं. तंबूत गेलं की कापड मिळायचं. अक्काला दम लागायचा, ती जायला तयार नव्हती. आईने बळेच धाडली. दुपारी त्यांची माणसं तिला झोळीत घालून घेऊन आली. ताप डोक्यात गेला, म्हणाले. कानामागे काहीतरी पांढरं सुकलेलं होतं. आई ते नखाने खरवडत बसली होती."

ते पांढरं काय होतं हे आप्पांना ठाऊक नव्हतं. लेकीला कळलं, आणि तिला ते पोटात ठेवता आलं नाही. तिने नळ्यांचं, प्लास्टरचं, हलू न देण्याचं, सगळं सांगितलं. आप्पा खुर्चीवर टेकले.

"बरं झालं," ते म्हणाले, "आई आता नाही."

ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सिद्ध काय करणार, बाई? वाईट वाटतं मलाही. हवं तर तेवढा एक चेहरा तळघरात परत ठेवू."

"मला तो घरी न्यायचाय."

"विद्यापीठाची मालमत्ता आहे ती."

आप्पांना तो घरी नको होता. "त्याच्याकडे बघत जेवायचं का?" ते म्हणाले. "पुरून टाकू."

तिने भरदिवसा चेहरा खाली उतरवला, ओढणीत गुंडाळला आणि पहारेकऱ्यासमोरून बाहेर नेला. त्याने विचारलं तेव्हा काय नेतेय ते सांगितलंही. गावाबाहेरच्या माळावर तिने खड्डा खणला. माती आप्पांनी स्वतः ओढली, कपाळावर, गालांवर, हनुवटीवर. नाक आणि तोंड त्यांनी शेवटपर्यंत उघडं ठेवलं. तिथे हात थांबला, तेव्हा लेकीने त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि दोघांनी मिळून तेही झाकलं.

तिला निलंबित केलं. चौकशीत तिने आत्याचं सगळं सांगितलं. कागदावर फक्त 'वस्तू परत करण्यास नकार' एवढंच उतरलं. प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं, फुलं वाहिली गेली, संस्थापकांच्या दूरदृष्टीवर भाषणं झाली. रिकाम्या खिळ्यावर कुणीतरी दुसरा चेहरा टांगला होता.

आप्पा हल्ली जेवता जेवता मध्येच थांबतात.

"बाकीच्या चेहऱ्यांचं कुणी आहे का गं?" ते विचारतात.

तिला माहीत नाही. ती त्यांच्या ताटात भात वाढते आणि समोर बसून राहते.