खिडकीखालचा रूळ

माझी सवत बागेत राहते. मांजराएवढं इंजिन, त्याला शोभतील असे डबे आणि फुलांच्या वाफ्यांना वळसा घालून खिडकीखालून जाणारे पितळी रूळ. कारखान्यातून आले की हे चहाच्याही आधी तिच्याकडे. मी बोलून बोलून थकले. लेक लहानपणी म्हणायची, बाबांना जेवायला बोलवायचं तर शिटी वाजव.

मग यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आल्यावर यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. डाव्या हातात काठी दिली की सोडून द्यायचे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने गोड बोलून पाहिलं, दटावून पाहिलं, शेवटी हात टेकले. जाताना दारात म्हणाली, "काकू, पाय अजून साथ देतोय. पण काकांनी मनावर घेतलं नाही तर तोही आखडेल. मग काही करता येणार नाही."

म्हणून मी बागेतली ती गाडी चालवायचं ठरवलं. पलंग ओढून खिडकीशी घेतला आणि बागेत गेले. रुळांवर पाचोळा, सांध्यांत माती, खडीत मुंग्यांचा संसार. वीज रुळांतूनच इंजिनात जाते, रूळ काळे पडले की गाडी अडते, हे इतकी वर्षं कानीकपाळी ऐकलेलं. आधी ब्रश मारला. मग लाकडी ठोकळ्याला स्पिरिटचं फडकं गुंडाळून यांच्यासारखंच लांबीने पुसलं. तरी वळणावर कुरकुर ऐकू येई. माझा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. कुरकुर म्हटली की तेल, एवढंच मला ठाऊक. रुळांवर सढळ हाताने सोडलं.

गाडी खिडकीजवळच्या चढाला लागली आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. इंजिन पुढे सरकण्याऐवजी मागे घसरत आलं. तेवढ्यात खिडकीची काच धाडधाड वाजली. हे डाव्या हाताने बडवत होते. चेहरा लालबुंद. मी आत धावले तर मला हाताने तेलाची बाटली दाखवून, कपाळावर हात मारून, एक शब्द न बोलता माझी अशी हजेरी घेतली की काय सांगू. मला रडूही येत होतं आणि हसूही. रागाने का होईना, हे माझ्याकडे बघत होते.

दुपारभर मी ते तेल पुसलं. गुडघ्यांचा पार भुगा झाला. मग गाडी अशी सुरेख धावली की मीच बघत राहिले. यांनी एक फेरी पाहिली आणि पुन्हा भिंतीकडे वळले. सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर तिथे यांचं काय काम उरलं होतं?

दुसऱ्या सकाळी मी यांच्या खणातून पॉलिशपेपर काढला.

रुळाला पॉलिशपेपर लावणं हे यांच्या लेखी पाप. चरे पडतात, चऱ्यांत काजळी धरते, मग कितीही पुसा, तो तुकडा गाडी अडवणारच. जावयाने एकदा नुसता हातात घेतला होता, तर कितीतरी महिने त्याच्याशी धड बोलले नाहीत. हे सगळं माहीत असून मी बरोबर खिडकीखाली फतकल मारून बसले आणि आडवा-तिडवा घासायला लागले. यांनी किती जिवापाड सांभाळलेला रूळ तो. तरी मी थांबले नाही.

काच वाजली. मी मान वर केली नाही. पुन्हा वाजली, जोरात. मग वाजायची थांबली.

आटोपलं, मला वाटलं. रूळही गेला आणि माणूसही. पेपर हातात धरून मी तिथेच रडत बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे काहीतरी खरडत आल्यासारखं वाटलं. हे भिंतीला खांदा लावून, काठी टेकत, उजवा पाय ओढत येत होते. घामाने डबडबलेले. उठून धरावं असं फार वाटलं, पण मी बसून राहिले. जवळ आले, काठी भिंतीला टेकवली, माझ्या हातातला पेपर हिसकावून घेतला. वाकून रुळावर अंगठा फिरवला. डोळ्यांत पाणी आलं यांच्या.

"मू... र्ख," हे म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द यांनी मला कधी म्हटला नव्हता. आजारपणानंतरचा पहिला शब्द तोच. मला लागला, खोटं कशाला बोलू.

आता गाडी दर फेरीला तिथे अडते. मग हे उठतात, भिंत धरत बाहेर जातात, डाव्या हाताने तेवढा तुकडा पुसतात आणि इंजिनाला बोटाने ढकलतात. परत आले की माझ्याकडे न बघता पलंगावर बसतात. मुद्दाम केलं हे यांना कळलंय की नाही, मी विचारलेलं नाही.

परवा जावई आला होता. म्हणाला, "बाबा, एवढाच तुकडा बदलून टाकू की." यांनी आशेने मान हलवली.

"मिळत नाही तो आता," मी म्हणाले. "मी चौकशी केली."

यांची मान खाली गेली. माझ्या कपाटात, चादरींखाली, यांच्याच खणातला रुळाचा एक कोरा तुकडा फडक्यात गुंडाळून ठेवलाय. भिंत न धरता हे खिडकीखाली जातील त्या दिवशी काढून देईन. तोवर मी मूर्खच बरी.