आधी तुम्ही खा

लढाई सीमेवर सुरू झाली आणि महिन्याभरात बेकरीवाल्याच्या पावात शिरली.

त्याचं असं झालं. नेहमीचं खमीर बाजारातून गायब झालं, म्हणून बेकरीवाल्याने हाताला लागेल ते वापरलं आणि पाव किंचित आंबूस लागू लागला. एरवी एखाद्याने नाक मुरडलं असतं, दुसऱ्याने दोन शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण रेडिओवर उठता-बसता सांगत होते की शत्रू आपल्यातच आहे, काही वेगळं वाटलं तर गप्प बसू नका. पावाची चव वेगळी वाटत होती. लोक गप्प बसले नाहीत.

सुरुवात हेडमास्तरांनी केली. हा निवृत्त माणूस बेकरीवाल्याचा बुद्धिबळातला जुना भिडू. रोज सकाळी भट्टीशेजारच्या बाकावर बसायचं आणि ऊब फुकटात घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. लढाईने त्यांना पुन्हा कामाला लावलं होतं. ते गल्लीच्या दक्षता समितीचे अध्यक्ष झाले होते, आणि दंडाला पट्टी बांधल्यापासून त्यांची मान आपोआप ताठ झाली होती.

"माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे," पाव हातात फिरवत ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो, आधी तू खा."

बेकरीवाल्याला हसू आलं. त्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. रांगेतली सगळी माणसं त्याच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरला तसा सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि पाव भराभर खपले. पुढे तशी रीतच पडली. गिऱ्हाईक पाव निवडणार, बेकरीवाला त्यातला घास खाणार, मग गिऱ्हाईक बाकावर टेकून हा पडतोय का ते बघणार. नाही पडला की पाव घेऊन जाणार. काहींचा चेहरा जाताना जरा हिरमुसलेला असायचा.

अशा दिवसांत माणसाचं डोकं भलतंच चालतं. शिंपीणबाई म्हणाल्या, हा कडेचाच तुकडा खातो, मधला खाऊ दे. झालं, पाव मधून पोखरले जाऊ लागले. घड्याळजी म्हणाला, हा घरूनच उतारा घेऊन येत असेल. मग त्याने उपाशीपोटी दुकान उघडायचं असं ठरलं, आणि हेडमास्तर रोज सकाळी त्याची जीभ तपासू लागले. बोलणारा प्रत्येक जण आधी "तसं आमच्या मनात काही नाही हं" असं म्हणून घ्यायचा. मनात काही नसलेल्या माणसांनीच त्या गल्लीत सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते.

दिवसभर घास खाऊन बेकरीवाला सुटला. अख्खी गल्ली रेशनवर वाळत चाललेली आणि याच्या शर्टाची बटणं तटतटलेली. लगेच नवी तक्रार आली, लढाईत हा जाडा होतो कसा? नक्की साठा केलाय. समितीने कोठाराची झडती घेतली. तिथे मैद्याची पोती आणि एक मांजर सापडलं. मांजरही गुटगुटीत निघालं, आणि ते त्याच्या विरोधात गेलं.

हे सगळं त्याने हसण्यावारी नेलं, कारण त्याला घर होतं. दुकान बंद करून तो वरच्या दोन खोल्यांत जायचा. दिवसभर गल्ल्यावर बसून दमलेली बायको ताटं वाढायची, आणि त्या टेबलावर कोणी कोणाच्या गळ्याकडे बघत नसे. "गल्लीला काय म्हणायचं ते म्हणू दे," तो तिला सांगायचा. "हे एवढं टेबल शाबूत आहे ना, मग मला कशाची फिकीर नाही." आणि हे तो अगदी मनापासून सांगायचा.

एक दिवस हेडमास्तरांनी त्याला भट्टीमागे बाजूला घेतलं.

"राग मानू नकोस, पण तू खमीर बदललंस हे समितीला अगदी सुरुवातीलाच कळलं होतं. कोणाकोणाला माहीत होतं ते?"

"मला आणि हिला."

"हं."

"हं म्हणजे काय, मास्तर?"

"काही नाही. वहिनी म्हणजे देवमाणूस. तक्रार घरातून आली असं मी म्हणत नाही." त्यांनी दंडावरची पट्टी सारखी केली. "नाही आली, असंही म्हणत नाही. अध्यक्षाला तसं म्हणता येत नाही रे." मग त्यांनी हातातला पाव पुढे केला. "घे, खा."

खरं तर खमिराचं रडगाणं बेकरीवाल्याने स्वतःच, बुद्धिबळाच्या पटावर, हेडमास्तरांपुढे गायलं होतं. ते आता दोघांच्याही लक्षात नव्हतं. संशय पक्का करायला जे जे उपयोगी पडेल तेवढंच त्या दिवसांत लोकांच्या लक्षात राहत होतं.

संध्याकाळी त्याचं पोट बिघडलं. इतके पाव खाऊन बिघडलं नसतं तरच नवल. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, घरात उरलेल्या गाजरांचं पातळ सूप केलं, वर मिरपूड घातली आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"गरम आहे तोवर घ्या."

त्याने चमचा उचलला. चव वेगळी लागणार, असं त्याला चाखायच्या आधीच वाटलं. तो नुसताच ढवळत राहिला. ही बाई आपल्या दुखण्यात रात्र रात्र उशाशी बसलेली आहे, स्वतःच्या बांगड्या मोडून तिने ही भट्टी उभी करून दिली आहे, हे सगळं त्याला आठवत होतं. त्याने मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. हात मात्र काही केल्या तोंडाकडे जाईना.

"तू घे ना आधी," तो म्हणाला, होईल तितक्या सहज.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. हे शब्द ती गल्ल्यावर बसून रोज ऐकत होती. समोरची खुर्ची ओढून ती बसली, त्याच्या हातातून चमचा घेतला, वाटीच्या मधोमध बुडवला आणि सूप प्यायली. मग हात मांडीवर ठेवून, मान थोडी वर करून बसली, त्याला नीट दिसावं म्हणून.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून तिची माफी मागावी असं फार वाटलं. पण तो तिच्या गळ्याकडे बघत होता, आणि सूप पार निवेपर्यंत बघतच राहिला.