दोन ओहमच्या दोन कॉइल

गाडीत वूफर, म्हणजे धमधमणारा मोठा स्पीकर, बसवायचा तर लवूकडे जा, असं दापोलीत लोक सांगायचे. लवू म्हणजे मी. सत्तावीस वर्षं हेच करतोय. मीटर माझ्या दुकानातही आहे, पण तो गिऱ्हाइकाला दाखवायला. खरं माप माझा कान. कुठली वायर ढिली आहे ते मी नुसतं ऐकून सांगायचो. या कानाचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्याच आळीतला विनीत मुरुडला आलेल्या पर्यटकांना गाडीतून फिरवतो. महिन्यापूर्वी तो नवा वूफर आणि त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प घेऊन आला. वूफरला दोन कॉइल, प्रत्येकी दोन ओहमची. अ‍ॅम्पवर स्पष्ट लिहिलेलं, चार ओहमच्या खाली जोडू नये. दोन्ही कॉइल एकीपुढे एक, सिरीजमध्ये जोडल्या की बरोबर चार होतात आणि अ‍ॅम्प सुखात राहतो. शेजारीशेजारी, पॅरललमध्ये जोडल्या की एकच ओहम उरतो, अ‍ॅम्पला झेपणार नाही इतका करंट ओढला जातो आणि तो जळतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे सांगितलं असतं.

आधी सिरीजमध्येच जोडलं. गाणं लावलं, तर आवाज घोंगडीखाली दाबल्यासारखा मेलेला. विनीत म्हणाला, मस्त आहे. तुला काय कळतं यातलं, असं म्हणून मी वायरी काढल्या आणि पॅरललमध्ये जोडल्या. अ‍ॅम्पवरचा आकडा कंपनीवाले घाबरून लिहितात, हेही त्याला ऐकवलं. आता छातीत धडधडायला लागलं. विनीतने तोंड वाकडं केलं, खरखरतंय म्हणाला. मला खरखर ऐकू आली नाही. मला आली नाही म्हणजे ती नव्हतीच.

परवा सकाळी तो परत आला. डिकी उघडताच जळका वास आला. तो भांडला असता तर मी दुप्पट भांडलो असतो, मला त्याची सवय आहे. पण तो भांडला नाही. तसलाच दुसरा अ‍ॅम्प त्याने आणला होता. या वेळी मीटर लावून जोडा, एवढंच म्हणाला.

मीटर लावला. सिरीजमध्ये तीन पूर्णांक सहा दाखवलं, चार ओहमचा वूफर मीटरवर थोडा कमीच दिसतो, म्हणजे बरोबर. गाणं लावलं. पुन्हा तोच मेलेला आवाज. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला विचारलं, "खरखरतंय का?"

"नाय. एकदम साफ आहे." मग तो माझ्यासमोर येऊन मोठ्याने बोलला, "काका, कान दाखवा कुणाला तरी. काकी पण बोलत होती."

"काय बोलत होती?"

"तुमी उत्तर देत नाय म्हणून. तिनं बोलणंच सोडलंन आता."

चंपा, माझी बायको, वर्षभर घरात गप्प होती. तिच्या भावाच्या वास्तुशांतीला मी गेलो नाही, म्हणून तिने अबोला धरलाय, असं मी समजत होतो. मग मीही हट्टाने बोलणं टाकलं होतं. वर्षभर.

दुकान तसंच टाकून घरी आलो. ती भाकऱ्या थापत होती. हाक मारली तशी वळली, दचकलीच. तिचे ओठ हलले. विनीतचा जाडा आवाज मला कळला होता, हिचा बारीक आवाज नुसता वाऱ्यासारखा आला. मी पंखा बंद केला, खिडकी लावली, अगदी जवळ जाऊन उभा राहिलो.

"परत बोल," मी म्हटलं.

ती परत बोलली. पुन्हा नुसता वारा.

"परत."

या वेळी तिने पाट मांडला, ताट वाढलं आणि जेवा म्हणून हाताने खूण केली.