लहरींचा तास

शिवानीनं प्लेचं बटण दाबलं. पडद्यावर मार्तंड सर फळ्याकडून वळले, चष्मा वर सरकवला, ओठ उघडले. आणि स्पीकरमधून रसायनशास्त्राच्या अमृतराव सरांचा आवाज आला.

"बेन्झीनच्या कड्यात कार्बन किती? बोला, किती?"

तिनं झटकन थांबवलं. शेजारच्या खुर्चीवर खुद्द मार्तंड सर बसले होते. गळ्याभोवती सुती रुमाल, हात मांडीवर. उन्हाळ्यात सोलापूरला त्यांचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर आज ते पहिल्यांदाच क्लासच्या या स्टुडिओत आले होते. फेब्रुवारीत रेकॉर्ड केलेलं त्यांचं 'लहरी'चं लेक्चर आज सहा वाजता लातूर आणि नांदेड, दोन्हीकडच्या रिपीटर बॅचला जायचं होतं. जाण्याआधी ते एकदा बघू का, असं त्यांनी काल मेसेज करून विचारलं होतं.

सरांनी मोबाइलवर टाइप करून तिच्यापुढे धरलं. "हा मी नाही."

"न्हाई सर. थांबा, बघते."

सकाळी आली तेव्हा एडिटिंगची सगळी टाइमलाइन लालभडक होती. संगणकाला नवी डिस्क बसवलेली, त्यामुळे कुठली फाइल कुठे आहे ते सॉफ्टवेअरला सापडेना. हे नेहमीचं होतं. तिनं त्याला नवा फोल्डर दाखवला, त्यानं नावं जुळवून एकेक तुकडा उचलला, लाल पट्टे निवळले. तिला हायसं वाटलं होतं. पण सॉफ्टवेअर फक्त नाव बघतं. आत कोण बोलतंय ते त्याला काय कळणार?

क्लासमध्ये चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे भरला जाई. कॅमेरा वर्गाच्या मागच्या भिंतीशी असे, सरांच्या कॉलरच्या माइकचा आवाज खिशातल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये. तो रेकॉर्डर कार्ड पुसलं की फाइलींना पुन्हा पहिल्यापासून नंबर द्यायचा. मार्तंड सरांच्या लहरी आणि अमृतराव सरांचं बेन्झीन, दोन्हींचं नाव एकच झालं होतं. कॉपी करताना संगणकानं विचारलं असणार, जुनी फाइल बदलू का? आणि कुणीतरी 'हो' म्हटलं होतं. कॉपी करायचं काम शिवानीचंच होतं.

तिनं बॅकअपची डिस्क उघडली. तिथेही बेन्झीन. बॅकअप रोज आपोआप व्हायचा, त्यानं चूकही तशीच्या तशी उतरवून घेतली होती. रेकॉर्डरचं कार्ड काढून त्यावर पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. गेल्या आठवड्यातलं जीवशास्त्र निघालं, त्याच्याखाली काहीच नाही.

क्लासचे मालक रविकिरण सर दार ढकलून आत आले. "झालं का ताई? नांदेडवाले विचारून राहिलेत."

"सर, लहरीचा आवाज गेलाय. माझ्याच हातनं दुसरी फाइल वर बसली. बॅकअपलाबी तीच हाय."

रविकिरण मार्तंड सरांकडे बघत राहिले. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये ज्या पोरांना मार्तंड सरांनी शिकवलं, त्यांत ते होते. दहावीनंतर लातूरला आले, शिकले, इथेच क्लास काढला आणि पहिला माणूस बोलावला तो सरांना.

"सर, बिघडलं तर बिघडलं," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या मालविका मॅडम लहरी घेतील. पोरांचं नुकसान व्हायचं न्हाई."

सरांनी टाइप केलं. बराच वेळ लागला. "मालविका चांगलं शिकवते. घेऊ द्या." मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ आली. "किल्लारीचं तेवढं राहील."



लहरींच्या तासाला सर किल्लारीची गोष्ट सांगायचे. वर्षातून त्या एकाच तासाला. शिवानीनं ती दरवर्षी हेडफोनमधून ऐकली होती. निलंग्याला नवऱ्याबरोबर ती लग्नाच्या कॅसेटी करायची. तो गेल्यावर लातूरला आली आणि इथे लागली. तिचं काम म्हणजे मास्तरांच्या बोलण्यातले अडथळे कापणं. कुणाचं 'म्हणजे', कुणाचं 'बरं का'. मार्तंड सरांचा फक्त खोकला कापावा लागे. आधी तासाला एखादा, मग चार, मग फार. जानेवारीत तिनं न राहवून म्हटलं होतं, "सर, दवाखान्यात दाखवा की एकदा." सर हसले होते. "परीक्षा होऊ दे पोरांची."

"कॅमेऱ्याला स्वतःचा माइक असतोय," ती अचानक म्हणाली. "लांबून येतोय आवाज, पण येतोय. इथं माझ्याकडं चित्राच्या हलक्या कॉप्या हायत, त्यात आवाज न्हाई घेतलेला. मूळ फाइली..."

"नांदेडला," रविकिरण म्हणाले. "जागा नव्हती म्हणून जुन्या डिस्का आपणच मिहिरकडं पाठवल्या."

शिवानीनं नांदेडच्या शाखेतल्या मिहिरला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा बिझी. तिसऱ्यांदा उचलला.

"मिहिर, फेब्रुवारीचे कॅमेऱ्याचे फोल्डर हायत का तुझ्याकडं?"

"अहो ताई, तीच डिस्क मोकळी करून राहिलो ना मी. नव्या बॅचला जागाच नाही."

"थांबव! आत्ता थांबव. कशालाच हात लावू नको."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांबवलं. काय झालं?"

"लहरी. मार्तंड सर. बघ राहिलंय का."

रविकिरण टेबलाला धरून उभे होते. सरांची नजर फोनवर.

"फोल्डर आहे ताई," मिहिर म्हणाला. "पण आतल्या फाइली... लेक्चरचे तीन तुकडे असतात ना? दोन दिसून राहिलेत. तिसरा नाही."

लांबलचक लेक्चर कॅमेरा स्वतःच तुकड्यांत साठवायचा. शेवटचा तुकडा डिलीटमध्ये गेला होता.

"रिकव्हर कर. त्या डिस्कवर नवीन काय बी टाकू नको. आधीचे दोन पाठव."

फाइली मोठ्या होत्या, त्यात नांदेडची लाइन सारखी तुटत होती. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची, अडायची. मध्येच वीज गेली, यूपीएस किरकिरू लागला. रविकिरण स्वतः खाली धावले, जनरेटर चालू करून घामेजलेले वर आले. सर उठले नाहीत. त्यांनी चहाही घेतला नाही.

पहिला तुकडा आला. शिवानीनं तो चित्राखाली लावला, ओठांशी जुळवला. वर्गातल्या पंख्यांची घरघर, बाकांची कुरकुर, आणि त्यांच्या मागे, विहिरीतून यावा तसा, सरांचा आवाज. तिनं घरघर जमेल तेवढी खाली आणली. मग हेडफोन काढून सरांना दिला.

त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. पडद्यावरचे सर बोलत होते, खुर्चीतले ऐकत होते. थोड्या वेळानं दुसरा तुकडाही आला. तो लावल्यावर सरांनी हेडफोनची वायर काढून टाकली, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"...मी नवा मास्तर. गुरुपादप्पांच्या घरी भाड्यानं राहायचो. विसर्जन करून गाव झोपलेलं. मला झोप येईना म्हणून अंगणात बसलो होतो. आधी येते ती पी वेव्ह. घरघर करते, जमिनीला नुसता धक्का देते. घर पाडते ती मागून येणारी, एस वेव्ह. दोघींच्या मध्ये वेळ किती? किल्लारीत एक हाक मारण्याइतका. गुरुपादप्पांची नात नागम्मा दाराजवळ झोपलेली. सहा वर्षांची. माझ्याकडून पाढे शिकायची. घरघर आली आणि मला कळलं, हे काय आहे ते. पुस्तकात वाचलेलं. मी हाक मारली..."

इथे दुसरा तुकडा संपला. पडद्यावर सरांचे ओठ हलत राहिले, आवाज नाही.

फोन वाजला. शिवानीनं स्पीकर लावला. "ताई, नाव सापडलं, पण फाइल उघडत नाही. वरून दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. लई ट्राय केलं."

"बरं," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला. पाच वाजून गेले होते.

"पोरांना लिहून टाकू," रविकिरण म्हणाले. "उरलेला भाग उद्या म्हणून. मालविका मॅडम..."

सर उठले. शिवानीच्या खांद्याला हलकेच हात लावून त्यांनी दाराकडे बोट केलं. ती कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन त्यांच्या मागे गेली. मोठा वर्ग रिकामा होता. सर फळ्यापाशी गेले, खडू उचलला, आणि तिचा कॅमेरा लागेपर्यंत पाठमोरे उभे राहिले.

"चालू हाय सर."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. आवाज तुटल्यावर तासाचा जो भाग राहिला होता, तो. आधी दोन लहरींचा वेग, मग वेळेतल्या फरकावरून अंतर कसं काढायचं ते समीकरण. एकेक पायरी, सुबक अक्षरात. खडूचा टकटक आवाज वर्गभर घुमत होता. समीकरण संपलं. खाली जागा सोडून त्यांचा हात फळ्यावर टेकला, थांबला. दारात उभे असलेले रविकिरण आत आले नाहीत.

मग सरांनी मराठीत लिहिलं.

"तिने ओ दिली."

आणि त्याच्याखाली: "मग दुसरी आली."

खडू खाली ठेवून ते वळले. तास संपवताना ते वर्गाला जे विचारायचे, तेच विचारायला त्यांचं तोंड उघडलं. मान किंचित पुढे झाली, भुवया वर गेल्या. गळ्यावरच्या रुमालाआडून नुसती हवा निघाली.

"कळलं सर," कॅमेऱ्यामागून शिवानी म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि हात झटकत नळाकडे गेले.

लेक्चर सहाऐवजी साडेसहाला गेलं. शेवटचा भाग जोडताना शिवानीला स्वतःचा आवाज ऐकू आला, जवळचा, मोठा. कॅमेऱ्यामागचं असलं बोलणं ती नेहमी कापायची. तिनं तिथे कर्सर नेला, क्षणभर थांबली, आणि ते तसंच ठेवून पुढे गेली.