थंड पाण्यात

दादानं चालू इस्त्रीची वायर उपटली, टेबलावरची अर्धी राहिलेली चादर तशीच सोडली आणि दुकानाचं शटर धडाधड खाली ओढलं. दिवेलागणीला लाँड्री बंद झालेली गल्लीनं कधी पाहिली नव्हती. समोरचा किल्लीवाला ओरडलाच.

“काय दादा, आज लवकर? पाहुणे येणार की काय बघायला?”

“टीव्ही बघायचाय,” दादा म्हणाला.

किल्लीवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. आज काय लागणार आहे ते गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दुकानाच्या मागेच घर. घर कसलं, दोन खोल्या, त्याही निम्म्या गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांनी भरलेल्या. आई खाटेवर लोकांचे कपडे बाजूला सारून बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे केव्हाच गेलेले, कान मात्र नको तितके शाबूत. दादाचीही पन्नाशी उलटून गेली होती. सगळी गल्ली त्याला दादाच म्हणायची, त्याच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. ते नाव बेबीनं पाडलेलं. बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण.

तीसेक वर्षं झाली. एका संध्याकाळी बेबी धुतलेले कपडे घरोघर पोचवायला बाहेर पडली, ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामांच्या मागे सापडली, डोक्यात घाव घातलेली. कोणी मारलं, का मारलं, कुणाला पत्ता लागला नाही. पोलिसांनी आठ-दहा जणांना आत घेतलं, बाहेर सोडलं, आणि फाइल बांधून ठेवून दिली. तेव्हापासून दादा चौकीच्या पायऱ्या झिजवत होता. साहेब बदलत, उत्तर बदलत नसे. ‘नवीन काही असेल तर घेऊन या. नुसत्या रडण्यावर फाइल उघडत नाही.’ नवीन कुठून आणणार? बेबीचा निकाल लागू दे मग बघू, असं म्हणता म्हणता लग्नाचं वय गेलं, केस पांढरे झाले. आई पहिल्यापासून एकच पालुपद लावायची, “नको रे जाऊस तिकडे. गेलेली परत येते का?” बाई सोशिक आहे, सोसून गप्प बसते, असं तो समजायचा. कधीकधी त्याला तिचा रागही यायचा. पोटची पोर ना ती, असं कसं बोलवतं?

मग मागच्या वर्षी टीव्हीवाल्यांची लेखिका आली. जुन्या, निकाल न लागलेल्या खुनांवर त्यांची मालिका चालायची. चष्मेवाली, गोड बोलणारी पोरगी. आठवडाभर रोज येऊन दुकानातल्या स्टुलावर बसायची आणि दादा इस्त्री फिरवता फिरवता बोलत राहायचा. बेबी कशी हसायची, कशी भांडायची, गिऱ्हाइकांची कशी नक्कल करायची, सगळं सगळं सांगितलं त्यानं.

“एपिसोड लागला ना दादा, की वरून दबाव येतो,” ती म्हणाली होती. “आमच्यामुळे मागे एक फाइल उघडलीय.”

बुडत्याला काडीचा आधार. दादा वर्षभर त्या काडीला धरून होता.

आणि आता तो एपिसोड सुरू झाला. टीव्हीतली लाँड्री पांढऱ्याशुभ्र फरशीची होती, आणि तिथला भाऊ म्हणून उभा केलेला नट दोन बोटांत इस्त्री धरून उभा होता.

“अगं बाई, इस्त्री धरलीय की मांजराचं पिल्लू?” आई म्हणाली. “कापड जाळेल मेला.”

दादाला हसू आलं. पण पुढच्याच क्षणी दोन वेण्यांची एक पोरगी पडद्यावर आली, खांद्यावर गाठोडं घेऊन कुणाची तरी नक्कल करत, आणि दोघंही गप्प झाले. आई हातातल्या उशीच्या अभ्र्याची उगाच घडी घालत राहिली, मोडत राहिली.

टीव्हीतला इन्स्पेक्टर मोठा हुशार. धूळ झटकून फाइल काढली काय, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठलं काय, दर जाहिरातीआधी एकाला पकडत होता आणि जाहिरात संपली की सोडत होता. दादा खुर्चीच्या कडेला सरकला होता. खोटं का होईना, पण कुणीतरी बेबीसाठी धावपळ करत होतं. चौकीत इतक्या वर्षांत त्याला कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

शेवटच्या तुकड्यात इन्स्पेक्टर परत लाँड्रीत आला. म्हाताऱ्या झालेल्या भावासमोर उभा राहिला.

“ती कुणाशी तरी बोलत होती. तुम्हाला ते खपलं नाही,” तो म्हणाला.

आणि पडद्यावरचा भाऊ फरशीवर कोसळून रडू लागला. “रागाच्या भरात झालं हो साहेब! रागाच्या भरात झालं!”

वाद्यं वाजली. नावं सरकू लागली. गल्लीत घराघरातून तीच वाद्यं ऐकू येत होती.

दादा ताडकन उठला. “हे काय? हे काय दाखवलं हे? चोर सोडून संन्याशाला फाशी?” त्याचा आवाज चिरकला. “मी त्या पोरीला हे सांगितलं होतं का? आठवडाभर माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन... हात दाखवून अवलक्षण केलं मी, दुसरं काय!”

आईनं अभ्र्याची घडी नीट केली आणि मांडीवर ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. चौकीतले साहेब होते. हे साहेब नवे, तरुण, बोलायला बरे.

“पाहिला हो एपिसोड. आमच्या वरच्या साहेबांनीही पाहिला,” ते म्हणाले. “ते भावाबिवाचं सोडून द्या, टीव्ही तो टीव्ही. पण फाइल काढायला सांगितलंय त्यांनी. उद्या सकाळी या. आणि त्या वेळचं काही घरात उरलंय का बघा. कापडाचा तुकडा असला तरी चालेल. आता नवीन तपासण्या आल्यात, धुतलेल्या कापडावरही कधीकधी सापडतं काहीतरी.”

दादानं फोन ठेवला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“आई, फाइल काढतायत! उद्या बोलावलंय!” तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. “बदनामी झाली तर होऊ दे मेली. गल्लीनं दोन दिवस तोंड फिरवलं तर फिरवू दे. फाइल उघडतेय ना? बेबीचं काही राहिलंय का ग घरात? एखादा कपडा? कापडावरून कळतं म्हणे आता. धुतलं तरी कळतं.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

“थंड पाण्यात घातलं तरी?”

“काय?”

“मीठ घालून थंड पाण्यात ठेवला होता,” आई म्हणाली. “रात्रभर. गरम पाणी लागू दिलं नाही, गरम पाण्यानं रक्त पक्कं बसतं. मग दोनदा साबण लावला. उजेडात धरून बघितला रे, कणभर काही राहिलं नव्हतं. आता कसं कळेल?”

“कशाबद्दल बोलतेयस तू?”

“तुझ्या शर्टाबद्दल.”

दादा तिच्याकडे बघत राहिला.

“तुझा म्हणजे गिऱ्हाइकाचा,” ती खाली बघत म्हणाली. “तुला खोडच होती, धुवायला आलेला चांगला शर्ट दिसला की अंगात चढवून मिरवायचास. बापाच्या किती शिव्या खाल्ल्यास त्यापायी. त्या दिवशी सायीच्या रंगाचा घालून गेलास, मी बघितलं होतं. रात्री आलास तो नुसत्या बनियनवर. मग बेबीला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या ढिगाला हात घातला. काहीतरी काम हवं होतं हाताला. तर तोच शर्ट. बाही, पोट, सगळं रक्तानं...” तिनं तोंडावर हात ठेवला. “तुझा बाप बाहेर होता. मी आधी कडी लावली.”

दादाला तो शर्ट आठवला. सिनेमाला गेला होता तो घालून. परत येताना बापाच्या भीतीनं मागच्या बोळात अंगातून काढला आणि गुपचूप ढिगात टाकून दिला. घामाशिवाय त्याला काही लागलं नव्हतं. सायीच्या रंगाचे शर्ट त्या वर्षी काय, ऑफिसला जाणारा दुसरा-तिसरा माणूस घालायचा. आणि दुकान बंद असलं की गिऱ्हाइकं मळके कपडे बाहेरच्या लाकडी पेटीत टाकून जात. रोज पहाटे उठून ती पेटी ढिगावर उपडी करायची ही बापाची सवय. पोर रात्रभर घरी आली नाही त्या पहाटेसुद्धा त्याच्या हातांनी पेटी उपडी केलीच असणार. ज्यानं बेबीला मारलं त्याला तो रक्ताचा शर्ट घरी न्यायची सोय नव्हती. घरी बायकोनं विचारलं असतं. लाँड्रीवाले काय विचारणार?

“खूण बघितलीस का?” त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “कॉलरच्या आतली खूण. कुणाचा होता?”

“खूण कशाला बघू? डाग निघतोय की नाही एवढंच बघत होते मी. वाळवला, इस्त्री केली, फळीवर ठेवला. तुझ्या बापानं दिला ज्याचा त्याला. खुणा त्यालाच पाठ होत्या.”

“आणि तो... तो घेऊन गेला?”

“नेला असेलच की. आपल्याकडे कधी कुणाचा कपडा राहिलाय?”

बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादाला दुकानाचा कट्टा दिसत होता. कट्ट्यापलीकडे कुणीतरी उभं आहे, बापाला सांत्वनाचे दोन शब्द बोलतंय, कडक इस्त्रीचा शर्ट काखेत मारून निघून जातंय. चेहरा काही केल्या दिसत नव्हता.

“आई, ऐक माझं,” तो म्हणाला. “तो शर्ट मी...”

“गप!” आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. साबणानं आयुष्यभर सोललेला, खरखरीत हात. “माझ्यापाशी नको सांगूस. मला ठाऊक होतं आणि मी गिळलं. पोलीस आले तेव्हा शपथेवर सांगितलं, माझा मुलगा दुपारपासून घरात होता म्हणून. एक गेली, निदान एक तरी राखला, एवढ्या एका गोष्टीवर जगले मी. तिच्या रक्ताचं पाणी ह्या हातांनी मोरीत ओतलंय रे. तुझ्यासाठी ओतायचं होतं म्हणून ओतवलं. दुसऱ्या कुणासाठी ओतलं असतं ना, तर त्याच दिवशी मोरीत डोकं आपटून जीव दिला असता.”

दादानं तिचा हात हळूच तोंडावरून काढला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. बाहेर गल्लीत कुणीतरी दुकानाच्या शटरवर थाप मारली, थोडा वेळ थांबलं आणि निघून गेलं. त्याला बोलायचं होतं. मी नव्हतो, मी सिनेमाला गेलो होतो, एवढंच तर सांगायचं होतं. तोंडाशी आलेले शब्द होते. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मान लटलटत होती, डोळे त्याच्यावरून हलत नव्हते.

“सगळं ठाऊक असून,” तो शेवटी म्हणाला, “रोज मला जेवायला वाढत राहिलीस?”

“मग काय करू? आई आहे ना तुझी.”

तो खाली बघत राहिला. इतक्या वर्षांत चौकीतल्या लोकांपुढे रडला होता, त्या लेखिकेपुढे रडला होता. आता डोळे कोरडे ठणठणीत होते.

“एकच सांग,” आई हलक्या आवाजात म्हणाली. “कधी विचारायचं नाही असं ठरवलं होतं मी. पण आता माझे दिवस ते किती? तुझा जीव होता रे तिच्यावर. मग का केलंस?”

टीव्हीवर कुठल्याशा तेलाची जाहिरात लागली होती. दादानं हात लांब करून टीव्ही बंद केला.

“रागाच्या भरात झालं,” तो म्हणाला.

आई बराच वेळ मान हलवत राहिली. मग तिनं त्याच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवला, लहान असताना फिरवायची तसा.

“मला वाटलंच होतं. तुझ्या बापाचाही राग असाच वाईट.” तिनं मोठा सुस्कारा सोडला. खांदे सैल झाले तिचे. “बरं झालं सांगितलंस. ओझं उतरलं बघ. आणि उद्या त्या साहेबाकडे जायचं नाही. समजलं?”

“नाही जात,” दादा म्हणाला, आणि तिचं ताट वाढायला उठला.